डोळे दिपविणारा दिवा

वसंतातल्या या व्याख्यानांची एक सोय अशी की, व्याख्यान संपते तेव्हा बाहेर चांगला काळोख पडलेला असतो आणि श्रोत्यांना त्या काळोखातून घरी जावयाचे असते. म्हणून यंदा आम्ही विषय असा घेतला की, ज्याचे प्रात्यक्षिक सभागृहाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच आपणांस फुकट पाहावयास मिळावे. साम्राज्यांचे उदयास्त, तह, लढाया यांवर अशा व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले आहे. एका बटणाचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला तर श्रोत्यांनी हसावे हे स्वाभाविक आहे. तथापि मोटारीच्या पुढच्या दिव्याची ज्योत खाली झुकविणारे ते बटण मनुष्याच्या हातात कसे आले, ते येऊनही रस्त्यावरचा तंटा का मिटला नाही, हा इतिहास वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या विषयाकडे आम्ही कसे वळलो तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी ऐन गळीत हंगामात आम्ही एका स्नेह्यांच्या मोटारीतून फलटणहून पुण्याकडे येत होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले असतील. समोरून एक मालमोटार आली, ती दिवे पूर्ण रोखून. आमच्या स्नेह्यांनी एकदा दिवा झुकविला, पुन्हा झुकविला, समोरचा ढिम्म. तेव्हा स्नेहीही संतापले आणि त्यांनीही आपले दिवे पूर्ण रोखले. काही क्षण दोन्ही बाजूंना पांढऱ्या उजेडाखेरीज काही नव्हते. मालमोटार निघून गेली आणि आमच्या डाव्या अंगाला काहीतरी खडखडले. गाडी थांबवून पाहतो तो एक दूधवाला सायकलसह रस्त्याकडेच्या चारीत पडलेला. किटल्या उपड्या झालेल्या, दूध मातीत मुरत चाललेले. गाडी त्याला लागली नव्हती. दोन्हीकडच्या झोतांत त्यालाच रस्ता दिसेना, म्हणून तो कडेला गेला आणि कड संपली. आम्ही त्याला हात देऊन वर काढले, दुधाचे पैसे देऊ केले. त्याने धोतर झटकले, आमच्या स्नेह्यांकडे पाहिले आणि इतकेच म्हटले, “सायेब, भांडलासा तुमी दोगं, आन् पडलो म्या.”

हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. पुढे या दिव्यांसंबंधी जे वाचले, जे जमविले, ते त्या वाक्याचा अर्थ लावण्यासाठीच.

प्रथम, डोळे दिपणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेने येथे एक गंमत करून ठेवली आहे. ज्या दीपाने दिसावे त्याच दीपावरून ‘दिपणे’ हे न दिसण्याचे क्रियापद तयार झाले. भाषेला जे फार पूर्वी कळले होते त्याचे गणित मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मांडले गेले. अमेरिकेत हॉलडे आणि इंग्लंडात स्टाइल्स या संशोधकांनी प्रयोगांनी असे दाखविले की, प्रखर दिव्याचा प्रकाश डोळ्यात शिरताना आतल्या पारदर्शक भागांत थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर एक धूसर पडदा पसरतो. हा पडदा डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात दाट होतो, आणि दिवा आपल्या नजरेच्या रोखापासून जितका दूर असेल तितका विरळ होतो; तोही साध्या प्रमाणात नव्हे, तर कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात. दिवा नजरेपासून दोन अंशांवर असता जो त्रास होतो, तो चार अंशांवर सुमारे चौथाई उरतो. जुने चालक नवशिक्याला सांगत आले की, ‘समोरच्या दिव्याकडे बघू नकोस, डाव्या कडेकडे बघ.’ त्या उपदेशाचे शास्त्र हे असे आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग गढूळ होते. सत्तरीच्या माणसाला हा पडदा तरुणाच्या सुमारे दुप्पट जाणवतो. आणि काळोखाला पुरते सरावण्यास डोळ्याला अर्धा तास लागतो. तो सराव मोडण्यास एक क्षण पुरतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे गेलेली असते. ते पन्नास मीटर चालकाने आंधळेपणाने तोडलेले असतात.

मोटारीपूर्वी हा प्रश्न नव्हता. बैलगाडीच्या कण्याखाली लोंबणारा कंदील आपणांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या कंदिलाने बैलांना वाट दिसत नव्हती. त्यांना ती तशीही ठाऊक असे. गाडीवान पेंगला तरी बैल घरी येत. कंदील होता तो ‘आम्ही येथे आहो’ हे दुसऱ्यास कळविण्यासाठी. मशालजी पुढे धावत तेही सरदाराला वाट दाखविण्याइतकेच सरदार येत असल्याची वर्दी देण्यासाठी. सारांश, जुना रस्त्यावरचा दिवा दिसण्याचा होता. पाहण्याचा दिवा ही वेगाची मागणी आहे. घोडा स्वतःच्या डोळ्यांनी धावत होता. यंत्राला डोळे नव्हते. ते माणसाने दिले, आणि देताना इतके मोठे दिले की समोरच्याचे डोळे गेले.

हे डोळे आरंभी कार्बाइडचे होते. टॉमस विल्सन याला १८९२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात, दुसरेच काही करावयास जाता, कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात तयार करण्याची रीत सापडली. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी सोडावे, त्यातून ॲसिटिलीन वायू निघावा, तो पेटवावा आणि मागे चकचकीत आरसा बसवावा, इतके साधे हे यंत्र. त्याची ज्योत तेलाच्या दिव्याहून कितीतरी पांढरी व प्रखर, वाऱ्यापावसात टिकणारी. सायकलींवर आणि मोटारींवर हे दिवे झपाट्याने पसरले. पुढे वायू नळकांड्यांत भरून मिळू लागला. असा वायू स्फोटाच्या भीतीशिवाय साठविण्याचे काम ज्यांनी पुढे नेले त्यांत स्वीडनचे गुस्ताफ दालेन हे प्रमुख होत. निर्मनुष्य बेटांवरचे दीपस्तंभ आपोआप संध्याकाळी पेटावेत व पहाटे विझावेत अशी युक्ती त्यांनी काढली आणि १९१२ साली त्यांस पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या एका प्रयोगात स्फोट होऊन त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. पारितोषिक घेण्यास त्यांचे बंधू गेले. ते व्यवसायाने नेत्रवैद्य होते. जगाला उजेड देणारा मनुष्य त्या उजेडानेच आंधळा व्हावा, असे कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता. दालेन यांनी मात्र त्यानंतर पंचवीस वर्षे आपला कारखाना चालविला, नवे शोध लावले. असो.

विजेचा दिवा मोटारीवर १८९८ पासून अधूनमधून दिसतो. पण तेव्हाची तार रस्त्याच्या हादऱ्यांनी तुटत असे. टंगस्टनची चिवट तार हाती आली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी गाडी सुरू करणे, ठिणगी पाडणे व दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच विद्युत्‌यंत्रणेवर सोपविली, तेव्हा कार्बाइडचे दिवस भरले. आता खाली उतरून काडी ओढावयास नको. बसल्या जागी कळ दाबावी. ज्याचे श्रम कमी होतात त्याचा वापर वाढतो, हा नियम येथेही लागू पडला. दिवे वाढले, गाड्या वाढल्या, आणि त्यांच्याबरोबर तक्रारीही वाढल्या. दुधी काचा, खाचा पाडलेल्या काचा, अर्ध्या झाकलेल्या काचा असे नाना उपाय बाजारात आले. त्यांतील बहुतेक दिपवणे कमी करीत आणि त्याबरोबर दिसणेही कमी करीत. समोरच्याचे डोळे वाचवावेत तर आपला रस्ता अंधारतो. आपला रस्ता उजळावा तर समोरचा आंधळा होतो. रात्रीच्या रस्त्याचा सगळा तंटा या एका वाक्यात सांगता येतो.

तोडगा निघाला तो तडजोडीचा होता: दिवे दोन प्रकारचे असावेत. रस्ता मोकळा असता लांब पल्ल्याचा. कोणी समोर येता जवळचा व खाली झुकलेला. अमेरिकेत गाइड लॅम्प कंपनीने १९१५ साली असा झुकणारा दिवा काढला. परंतु तो झुकविण्यास चालकाला गाडी थांबवून खाली उतरावे लागे. दर समोरच्या गाडीसाठी खाली उतरून नमस्कार करण्याइतकी सभ्यता कोणत्याही देशात नसते. १९१७ साली कॅडिलॅकने हे काम आतल्या दांडीने होईल अशी सोय केली. नंतर १९२४-२५ च्या सुमारास जर्मनीत ओसराम कंपनीचा ‘बायलक्स’ हा दिवा आला. त्याची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. अन्वस्ताकार आरशाच्या नाभीवर तार ठेवली की किरण समांतर, सरळ दूरवर जातात. बायलक्सच्या एकाच काचेच्या फुग्यात दोन तारा होत्या: एक नाभीवर, दुसरी तिच्या किंचित पुढे, आणि दुसरीखाली पत्र्याची इवलीशी पन्हळ. या पन्हळीमुळे दुसऱ्या तारेचा प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडे आणि तेथून खाली रस्त्याकडे वळे. दिवा हलवावयास नको, आरसा हलवावयास नको. वीज एका तारेतून दुसरीत गेली की काम झाले. १९२७ साली अमेरिकेत पायाने दाबावयाचे बटण आले आणि हातही मोकळे राहिले.

आमच्या मते हे बटण ही साधी सोय नाही. मोटारीतली बहुतेक साधने ज्याच्या हातात त्याच्याच उपयोगाची असतात. गतिरोधक आपल्यासाठी, चक्र आपल्यासाठी. हे एकच साधन असे की, दाबणारा एक आणि लाभ होतो दुसऱ्याला. किंबहुना दाबणाऱ्याचे क्षणभर नुकसानच होते. आपल्याला दिसावे म्हणून आपण समोरच्याच्या पायावर अवलंबून, आणि तो आपल्या. दोन अनोळखी माणसांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, सेकंदाच्या आत करावयाचा हा करार आहे. ज्या रात्री दोघेही तो पाळतात त्या रात्री कोणालाच त्याची आठवण राहत नाही.

असे करार पाळले जाण्यावर किती विसंबावे याविषयी निरनिराळ्या राष्ट्रांची निरनिराळी मते पडली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडात अनेक गाड्यांवर अशी व्यवस्था होती की, कळ दाबताच उजवा दिवा पुरता विझे आणि डावा तेवढा कडेकडे झुके. समोरून येणाऱ्याला मग मोटार येते की फटफटी, याचा संभ्रम पडे. फ्रान्सने १९३६ च्या फर्मानाने पुढचे दिवे पिवळे करण्याचा दंडक घातला. निळसर किरण गाळले असता त्रास कमी होतो, ही त्यामागची समजूत. पन्नासाहून अधिक वर्षे फ्रान्सची रात्र पिवळी राहिली. ती पुन्हा पांढरी झाली १९९३ साली, आणि तीही युरोपात सर्वत्र एकच नियम असावा यासाठी. अमेरिकेने १९४० च्या गाड्यांपासून सगळ्यांना एकाच मापाचा, सात इंच व्यासाचा, काच-आरसा-तार एकत्र बंद केलेला दिवा लावला. त्यात धूळ जात नसे, आरसा काळवंडत नसे. उलट सुधारणेसही त्यात शिरावयास वाट नव्हती, आणि हा साचा ऐंशीच्या दशकापर्यंत टिकला.

या सगळ्या धडपडीत एक प्रयत्न असा झाला की, तो यशस्वी होता तर बटणाची आणि सभ्यतेची गरजच उरली नसती. एडविन लँड हे नाव आपण झटपट छायाचित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यामुळे ऐकले असेल. १९०९ साली जन्मलेला हा अमेरिकन तरुण विशीही गाठण्यापूर्वी हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कला आला, तो मोटारीच्या दिव्यांचे दिपवणे कायमचे नाहीसे करावे या ध्यासाने. प्रकाशाची लहर सर्व दिशांना कंप पावते. विशिष्ट स्फटिकांतून ती गेली की एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश बाहेर पडतो, यास ध्रुवित प्रकाश म्हणतात. असे स्फटिक १८५२ साली इंग्लंडात हेरापथ यांनी क्विनीन व आयोडिनपासून मिळविले होते, पण ते सुईच्या टोकाएवढे आणि ठिसूळ. लँड यांनी मोठा स्फटिक वाढविण्याचा नाद सोडला. असंख्य सूक्ष्म स्फटिक पातळ पत्र्यात पसरून सगळ्यांची तोंडे एका दिशेला करण्याची रीत त्यांनी शोधली आणि १९२९ साली तिच्या एकस्वासाठी अर्ज केला.

योजना अशी: प्रत्येक मोटारीच्या पुढच्या दिव्यावर हा पत्रा पंचेचाळीस अंश तिरका बसवावा आणि चालकाच्या डोळ्यांपुढेही तसाच, त्याच तिरक्या दिशेचा पत्रा असावा. आपल्या दिव्याचा रस्त्यावरून परतणारा प्रकाश आपल्या पत्र्यातून आत येतो, कारण दोहोंची दिशा एक. पण समोरून येणाऱ्याचे काय? दरवाजात समोरासमोर उभे असलेले दोन चोपदार डोळ्यांपुढे आणा. दोघांनीही आपापले दंड आपल्या उजवीकडे कलते धरले, तर त्या दंडांची फुली होते. तशीच समोरासमोर आलेल्या दोन मोटारींच्या प्रकाशांची फुली होते, आणि फुली झालेला प्रकाश पत्र्यातून जवळजवळ शिरतच नाही. समोरची मोटार दिसावी, तिचे दिवे मंद ठिपक्यांसारखे दिसावेत, आणि दोघांनीही दिवे पूर्ण रोखून बिनधास्त जावे. बटण नको, विनंती नको, शिव्या नकोत!

१९३७ साली पोलरॉइड कंपनी स्थापन झाली ती मुख्यतः या आशेवर. मग हे झाले का नाही? एक कारण असे की, पत्रा निम्मा प्रकाश गिळतो. दिवे त्या मानाने जोरदार करावे लागले असते. दुसरे, आरंभीचे पत्रे दिव्याच्या उष्णतेने बिघडत. पण ही कारणे यंत्रज्ञाने दूर करावयाची. काही अंशी ती दूर झालीही. खरी अडचण निराळी होती. ही योजना सर्वांनी स्वीकारली तरच उपयोगी. ज्याने प्रथम पैसे खर्चून पत्रा बसविला त्याला काय मिळणार? समोरून येणाऱ्या हजार गाड्यांवर पत्रा नाही. म्हणजे त्याचा स्वतःचा दिवा मंद झाला आणि समोरच्यांचे त्याला दिपवणे बव्हंशी तसेच राहिले. जुन्या गाड्या रस्त्यावरून जाईपर्यंत वर्षेच्या वर्षे जाणार. तोवर पहिल्याने कळ सोसावयाची. शिवाय पायी चालणाऱ्याने काय करावे? त्याच्या डोळ्यांपुढे पत्रा नाही, आणि दिवे तर आता पूर्वीहून प्रखर होणार. १९४७ पर्यंत मोटार कारखानदारांनी या योजनेकडे पाठ फिरविली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लँड यांनी न्यूयॉर्कमध्ये आपला झटपट कॅमेरा लोकांपुढे ठेवला आणि कंपनीला निराळ्याच वाटेने ऐश्वर्य आले. कॅमेऱ्याला समोरच्याच्या संमतीची गरज नव्हती. एकट्याने विकत घेतला तरी तो चालत होता. दिव्याच्या पत्र्याला मात्र साऱ्या समाजाची एकाच दिवशी संमती हवी होती.

तेव्हा मनात येते, दिवाच नको. तोही प्रयोग इतिहासाने करून ठेवला आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडात काळोखाचा हुकूम निघाला. रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे. पेट्रोलवर नियंत्रण आले, गाड्या कमी झाल्या. तरी १९३८ साली रस्त्यांवर ६,६४८ माणसे मेली होती, ती संख्या १९४१ साली ९,१६९ वर गेली. शत्रूच्या बाँबबरोबर रस्त्यावरच्या काळोखानेही आपला वाटा घेतला. आपल्याकडे १९६५ व १९७१ च्या युद्धांत मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा केलेला अनेकांनी पाहिला असेल. दिव्याच्या मध्यावर काळा ठिपका लावण्याची चाल तर पुढेही कित्येक वर्षे दिसत असे.

इंग्लंडातील त्या काळोखात एका साध्या माणसाच्या कल्पनेला दिवस आले. पर्सी शॉ हा यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सचा, रस्ते दुरुस्त करणारा गृहस्थ. मांजरीचे डोळे अंधारात चमकताना पाहून त्याला युक्ती सुचली म्हणतात. या गोष्टीच्या निरनिराळ्या आवृत्त्या त्याने स्वतःच निरनिराळ्या वेळी सांगितल्या. रबराच्या बैठकीत काचेचे मणी बसवून ती रस्त्याच्या मध्यरेषेत पुरावयाची. गाडीचा दिवा पडला की मणी तो प्रकाश त्याच गाडीकडे परत धाडतात. चाक वरून गेले की रबर दबते आणि बैठकीत साठलेल्या पावसाच्या पाण्याने मणी पुसून निघतात. जणू पापणी मिटून उघडावी. १९३४ साली एकस्व, १९३५ साली कारखाना, आणि युद्धकाळी सरकारी मागणी. शॉची दृष्टी वेगळी होती. त्याने दिवा वाढविला नाही. रस्त्याला बोलावयास शिकविले. मिणमिणता दिवाही ज्या रस्त्यावर पुरतो, तेथे दिवे रोखण्याचा मोह कमी होतो. आज आपल्या महामार्गांवर जे चमकणारे खुंट, पांढऱ्या कडा, दुभाजकांवरच्या कण्हेरी व बोगनवेली दिसतात, त्यांचा विचार याच जातीचा आहे. कण्हेर शोभेसाठी लावली असे आम्हांसही पूर्वी वाटे. ती समोरचा झोत अडविण्याचेही काम करते.

कायद्यानेही आपल्या परीने पावले टाकली. युरोपात १९५७ पासून असा झुकता दिवा रूढ झाला की, ज्याचा झोत समोरच्याच्या बाजूस सपाट कापलेला आणि आपल्या कडेच्या बाजूस किंचित वर चढलेला असतो. म्हणजे पादचारी दिसावा आणि समोरचा दिपू नये. १९५८ साली जिनीव्हात वाहनांच्या भागांविषयी राष्ट्राराष्ट्रांत करार झाला. त्या कराराखाली जो पहिल्या क्रमांकाचा नियम झाला तो या दिव्याविषयीचा. आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. पुढे १९३९ चा, आणि नंतर १९८८ चा. १९८९ च्या केंद्रीय नियमांत असे कलम आहे की, दिव्यापासून आठ मीटरांवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे तो दिपू नये, अशा बेताने झोत खाली वळलेला असावा. दीड मीटर! म्हणजे साधारण उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. कायद्याच्या रुक्ष भाषेत पायी चालणारा माणूस असा एका आकड्याच्या रूपाने हळूच येऊन उभा राहिला आहे.

कायद्याहून बोलकी आपल्या मालमोटारींची पाठ. ‘हॉर्न ओके प्लीज’च्या शेजारी ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे सुभाषित आपण सर्वांनी वाचले आहे. चालकांच्या बोलीत ‘अप्पर’ आणि ‘डिपर’ हे दोन शब्द पक्के बसले आहेत. पण गंमत अशी की, ‘डिपर मारणे’ याचा अर्थ दिवा झुकविणे असा राहिला नाही. तो लुकलुकवून समोरच्याला दटावणे असाही झाला. नमस्काराचाच शब्द दमदाटीला वापरला जावा, तसे हे.

इतक्या उपायांनंतर आज काय स्थिती आहे? दिवे अधिक प्रखर होत गेले. १९६२ साली हॅलोजन आला, १९९१ साली झेनॉन, आणि एकविसाव्या शतकात एलईडी; दिवा लहान, उजेड पांढरा, निळसर. उंच बांध्याच्या मोटारींची चलती आहे, त्यांचा झुकविलेला दिवाही लहान गाडीतल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला येतो. मागे ओझे भरले की गाडीचे नाक वर होते आणि झुकविलेला झोतही वर चढतो. दुसरीकडे यंत्राने बटण माणसाच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न पुन्हा आरंभिला आहे. १९५२ साली जनरल मोटर्सने प्रकाश ओळखून आपोआप दिवा झुकविणारा ‘डोळा’ काढला होता. २०१३ पासून असे दिवे निघाले की, जे अनेक लहान दिव्यांचे बनलेले असून समोरच्या गाडीपुरतेच विझतात आणि बाकी रस्ता उजळ ठेवतात. अमेरिकेने त्यांस २०२२ साली परवानगी दिली. लँड यांचे स्वप्न निराळ्या वाटेने साकार होत आहे, असे वाटते. आणि या वेळी समोरच्याकडे तसे यंत्र नसले तरी चालते, हा मोठाच फरक.

तरीही आमच्या मनात एक शंका उरते. १९५२ चा तो ‘डोळा’ कशामुळे जागा होत असे? समोरच्या दिव्यामुळे. आणि माणसाचे काय निराळे आहे? आपण दिवा कोणासाठी झुकवितो, याचा प्रामाणिकपणे विचार करावा. ज्याच्याजवळ दिवा आहे, जो आपल्याला उलट दिपवू शकतो, त्याच्यासाठी. मालमोटारीसाठी झुकवितो, मोटारीसाठी झुकवितो. सायकलवाल्यासाठी किती वेळा झुकविला? उसाच्या बैलगाडीसाठी, समोरून पायी येणाऱ्या बाईसाठी, पहाटेच्या अंधारात पंढरीची वाट चालणाऱ्या दिंडीसाठी किती वेळा? त्यांच्याजवळ प्रत्युत्तराचा दिवा नाही, म्हणून आपल्या सभ्यतेलाही जाग येत नाही. मग ही सभ्यता आहे की नुसता बलवानांचा आपसांतला तह?

शंभरांहून अधिक वर्षांचा हा इतिहास आम्हांस सांगतो तो एवढाच की, या प्रश्नावर एकट्याचा उपाय नाही. आपला दिवा कितीही चांगला असो, आपल्याला दिसणे समोरच्याच्या हाती असते. जेथे सर्वांचे एकमत झाले तेथे साधे बटणही पुरले. जेथे झाले नाही तेथे लँड यांची प्रतिभाही तोकडी पडली. काच पुसून ठेवावी, झोत खाली बसवून घ्यावा, समोरचा दिवे झुकवीत नसला तर वेग कमी करून डाव्या कडेकडे नजर ठेवावी, आणि काही झाले तरी सूड म्हणून आपला दिवा रोखू नये. दोघेही आंधळे झाल्याने कोणालाच अधिक दिसत नाही. आणि समोर दिवा नसलेला माणूस दिसला तर त्याच्यासाठी तो आधी झुकवावा.

आमचे स्नेही त्या रात्रीनंतर रात्री गाडी चालविताना फार बोलत नाहीत. समोरून कोणी दिवे रोखून आला तर ते आपला दिवा झुकवितात, गाडी हळू करतात, आणि डावीकडे पाहतात. चारीच्या कडेला कोणी आहे की काय ते. आता सभा संपेल, आपणही घरोघर निघाल. बाहेर काळोख आहे, आणि या क्षणी कोणीतरी दोन किटल्या लावून सायकलवरून रस्त्याच्या कडेने येत असेल.